एकोणतीस मिलिमीटर

विश्वास ठेवा नाहीतर ठेवू नका, पण यातला एक शब्दही मी पदरचा घातलेला नाही.

गेल्या वर्षीचा मार्च. गुरुवार, दुपारचे अडीच. आमच्या सामोआतल्या सवाई बेटावरचं छोटं हॉस्पिटल आणि त्यातली माझी सोनोग्राफीची खोली.

मी फुआतीनो. चौदा वर्षं पोटातल्या बाळांची मापं घेतेय. डोक्याचा घेर, पोटाचा घेर, मांडीचं हाड. त्यावरून बाळ किती आठवड्यांचं आहे, नीट वाढतंय की नाही, ते कळतं.

त्याच्या दीड वर्ष आधी माझं स्वतःचं बाळ एकोणिसाव्या आठवड्यात पोटातच गेलं. शेवटचं माप माझ्यासोबत काम करणाऱ्या लुसियानं घेतलं होतं. मांडीचं हाड एकोणतीस मिलिमीटर. एक हात गालाखाली. पडद्यावरचं ते चित्र मी विसरूच शकत नाही.

त्या गुरुवारी टेबलावर माझी धाकटी बहीण पेनिना होती. चोविसावा आठवडा.

खरं सांगते, मी तिच्यावर जळत होते. घरात दोन पोरं धुडगूस घालतायत, तरी हिला तिसरं! बाराव्या आठवड्यात मीच माप घेऊन तिची बाळंतपणाची तारीख ठरवून दिली होती आणि घरी जाऊन ढसाढसा रडले होते.

"ताई, थोबाड का पाडलंयस?"

"गप्प पड. जेल गार लागेल, बोंबलू नकोस."

"ऐक ना. हे बाळ तुला. आम्ही दोघांनी ठरवलंय."

आमच्याकडे बहिणीला मूल देण्यात नवल नाही. माझी आईसुद्धा तिच्या मावशीकडेच वाढली. पण मला रडूच फुटलं. इतकं हवं होतं मला ते!

डोळे पुसून मी मशीनचा प्रोब तिच्या पोटावर टेकवला.

आणि...

बाळ हलत नव्हतं. एक हात गालाखाली.

मांडीचं हाड मोजलं. त्रेचाळीसच्या आसपास यायला हवं होतं.

एकोणतीस.

पुन्हा मोजलं. एकोणतीस.

ठोके शोधले...

नव्हते.

"आई गं, केवढी लाथ!" पेनिना हसली. "दिसली का गं?"

तिचं पोट माझ्या हाताखाली उसळलं होतं. पडद्यावर काहीच हललं नव्हतं.

सांगायची लाज वाटते, पण माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते हे... आता हिलाही कळेल, बाळ जाणं म्हणजे काय.

मग भानावर आले. पळत जाऊन लुसियाला आणलं. तिनं प्रोब घेतला. पडद्यावर बाळ हातपाय झाडत होतं.

"त्रेचाळीस. ठोके एकशे पंचेचाळीस. चष्मा बदल, बाई."

मी प्रोब परत हातात घेतला. पडद्यावर पुन्हा... एक हात गालाखाली.

मी तो लुसियाला दिला. पुढची सगळी मापं तिनंच घेतली.

जुलैत मुलगी झाली. साडेतीन किलो, ठणठणीत. ऑक्टोबरात पेनिनानं ती माझ्या मांडीवर ठेवली.

"सांभाळ. रात्री फार रडते हं."

माझ्याकडे ती रडलीच नाही. दूध पोटभर प्यायची. तरीही...

आली तेव्हा वजन पाच किलो आठशे. दुसऱ्या आठवड्यात पाच आठशे. पाचव्या आठवड्यात पाच आठशे. लांबी तीच. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या, काही सापडलं नाही.

पाच आठवड्यांत मला तिची नखं एकदाही कापावी लागली नव्हती.

त्या दिवशी मी तिला पेनिनाकडे नेऊन दिलं.

"ताई, काय चुकलं माझं? नकोशी झाली का?"

हवी होती. जीव तुटत होता माझा.

पेनिनाकडे आठवड्याभरात तिचं वजन दोनशे ग्रॅमनं वाढलं. ते ऐकून मी पुन्हा जळले. पण आता कळत होतं, जळणारी मी एकटी नव्हते.

घरी येऊन रिकाम्या खोलीत मोठ्यांदा म्हणाले, "दिली तिला परत, बाळा. आता झालं तुझ्या मनासारखं?"



दुपारी चटईवर आडवी झाले आणि दोन वर्षांत पहिल्यांदाच मला गाढ झोप लागली. इतकी शांत, की जाग आल्यावर कूस बदलायची माझी हिंमत झाली नाही...

पाठीला काहीतरी इवलंसं, उबदार चिकटून होतं.