किल्ल्यावरची किराईत

"मुसअब, खाली बघून चाल! रोपावर पाय पडला तर काकू धपाटा घालेल!" रुचिका ओरडली आणि तिने लगेच जीभ चावली.

नूतनकाकू श्रावणात गेली होती. त्यामुळे यंदा रुचिकाच्या घरात दिवाळी नव्हती. शेजाऱ्यांकडून आलेली फराळाची नऊ ताटं तेवढी होती आणि नऊही ताटांत चिवडाच जास्त होता.

म्हसळ्यामागच्या या डोंगरावर काकूने चार वर्षांपूर्वी डोंगरी किराईत ही कडू औषधी वनस्पती पेरली होती. जेन्शियन नावाच्या फुलझाडाच्या कुळातलं हे झाड फार सावकाश वाढतं. पहिल्या वर्षी नखाएवढी दोन पानं. दुसऱ्या वर्षी जमिनीला चिकटलेलं पानांचं चक्र. तिसऱ्या आणि चौथ्या वर्षीही तेच! दर उन्हाळ्यात वरचं सगळं वाळून जायचं. लोक म्हणायचे, मेली. काकू म्हणायची, "मूळ जिवंत आहे. यंदा दिवाळीत फुलेल बघा."

काकू तेवढी थांबली नाही. म्हणून सुट्टीच्या पहिल्याच सकाळी रुचिका, मुसअब आणि स्वराज तिच्या वतीने फुलं बघायला आले होते.

फुलं नव्हती. झाडंही नव्हती. होते ते अकरा चौकोनी खड्डे.

"गुरांनी खाल्लं असेल," स्वराज म्हणाला.

"गुरं फावडं घेऊन चरायला येतात का रे?" मुसअब खाली बसला. "कडा बघ! मातीसकट कापून नेलंय. आणि काकूच्या खुणेच्या काड्या कुठायत?"

काकूने प्रत्येक झाडाशेजारी आइस्क्रीमची एक काडी खोवली होती. तीही गायब! मात्र सांडलेल्या मातीची एक रेघ डोंगर उतरत गेली होती. तिघं तिच्या मागे धावत सुटले.

रेघ थेट शाळेच्या मैदानात पोचली. तिथे दिवाळीची किल्ले स्पर्धा होती, खुला गट. खुला गट म्हणजे ज्यांची लग्नं झाली पण किल्ला करायची हौस गेली नाही, अशा माणसांचा गट. गावातल्या विनेशदादांच्या मंडळाचा किल्ला कमरेएवढा उंच होता. उतारावर खरंखुरं गवत होतं आणि गवतात निळसर झाक असलेली पांढरी फुलं. सगळ्यांनी माना टाकलेल्या.

"हीच कशावरून?" स्वराज कुजबुजला.

रुचिकाला काकूने शिकवलेल्या खुणा पाठ होत्या. पानं समोरासमोर. प्रत्येक पाकळीच्या तळाशी झालर असलेले दोन ठिपके. ती वाकली. झालर होती. इतकी वर्षं वाट पाहिलेलं फूल पहिल्यांदा दिसलं ते असं, थर्माकोलच्या बुरुजाला टेकलेलं!

"चव पण बघू," म्हणत मुसअबने पानाचा तुकडा चघळला आणि त्याचे डोळे पांढरे झाले. "या अल्लाह! हीच! दादीच्या काढ्याहून कडू!"

"ए पोरांनो, हात न्हाय लावायचा!" विनेशदादा धावत आले. "परीक्षक येतायत!"

"दादा, ही झाडं कुठून आणली?" रुचिकाने विचारलं.

"नर्सरीतनं."

"डोंगरावरची नाहीत?"

"डोंगरावर गवत असतं गं. फुलं विकत आणावी लागतात."

मुसअबने रुचिकाला कोपराने ढोसलं. झेंडे! किल्ल्यावर अकरा कागदी झेंडे फडफडत होते, आइस्क्रीमच्या काड्यांवर.

परीक्षक म्हणजे बोर्लीचे निवृत्त मुख्याध्यापक. मुसअब अदबीने पुढे झाला. "सर, आधी झेंडे बघा ना! काड्यांवर सगळा इतिहास लिहिलाय."

विनेशदादांनी मान डोलावली. कौतुक नाकारायची त्यांना सवय नव्हती.

सरांनी चष्मा लावून मोठ्याने वाचलं, "क्रमांक सात. किराईत. पेरणी जून २०२१. नूतन." त्यांनी दुसरी काडी उपटली. "क्रमांक तीन. वाळली. मूळ जिवंत. उपटू नये."

विनेशदादांची डोलणारी मान थांबली.

"कुठली नर्सरी म्हणालात?" सरांनी विचारलं.

"म्हणजे... निसर्गाचीच की, सर," विनेशदादा पुटपुटले. "आम्हाला वाटलं, आपोआप उगवलंय. दिवाळी झाली की परत ठेवणारच होतो."

सरांनी तिघांची पाठ थोपटली. "शाबास! गावाचा ठेवा शोधलात!" टाळ्या वाजल्या. सर्वांत जोरात विनेशदादांच्या मंडळानेच वाजवल्या. मग माइक आला आणि सत्काराची भाषा सुरू झाली.

"सर, मुळं सुकतायत!" रुचिका ओरडली.

किल्ल्यावरची झाडं घमेल्यात भरून ते विनेशदादांनीच उचललं आणि तिघांबरोबर डोंगर चढले. पाच झाडांची मुळं फावड्याने तुटलेली होती. सहा झाडं जमिनीत परत बसली. रुचिकाने कात्री काढली आणि तिचा हात थांबला.

मैदानातली बातमी ऐकून मागून धापा टाकत कोणीतरी आलं. दादूकाका! काकूचे यजमान.

"काय झालं गं?"

"काका, उपटलेलं झाड फूल आणि मूळ दोन्ही पोसत नाही. मूळ वाचवायचं तर फुलं कापायला हवीत. काकूने वहीत लिहिलंय. पण तिने तर ही फुलं एकदाही..."

"ती कात्री आण इकडे."

काका गुडघ्यांवर बसले. प्रत्येक फूल त्यांनी बराच वेळ पाहिलं, मग कापलं. सगळी फुलं रुमालात बांधून त्यांनी खिशात ठेवली.

"जगतील?" त्यांनी रुचिकाला विचारलं.

"पुढच्या पावसाळ्यात कळेल."

काकांनी खिशातल्या रुमालावर हात ठेवला. "दर रविवारी म्हणायची, 'चला हो वर, बघा तरी.' मी पेपर वाचत बसायचो." त्यांनी तिघांकडे पाहिलं. "तिला चार वर्षांत जमलं नाही ते तुम्ही एका सकाळीत केलंत, पोरांनो. मला वर आणलंत."

मग त्यांनी बाटलीतलं पाणी सहाही झाडांना घातलं, थोडं थोडं, आणि तिथेच बसून राहिले.