ठिपक्याचे दोन झाले

"माझ्या नवऱ्याला परग्रहावरच्यांनी नेलं का, एवढंच मला सांगा," वैमानिकाची बायको म्हणाली.

फटकळबाईंनी कप खाली ठेवला. "परग्रहावरचे लोक तरी एवढे रिकामटेकडे नसावेत. कोण म्हणालं तुम्हाला असं?"

"टीव्हीवाले. दीर म्हणतो, विमान विकून पळाला. सासऱ्यांनी तर त्यांचं नाव टाकलंय. शेजारीपाजारी माझ्याकडे बघतात आणि आवाज खाली आणतात."

भावोजी कोपऱ्यातल्या खुर्चीत सावरून बसले. ते फटकळबाईंच्या थोरल्या बहिणीचे यजमान, निवृत्त ग्रंथपाल. मेव्हणीच्या खासगी तपासाच्या कामात सोबत करायची आणि वर तिची बोलणी खायची, हा त्यांचा निवृत्तीनंतरचा उद्योग. परग्रहवाल्यांची म्हणून टीव्हीवर दाखवत होते ती फिल्म त्यांनी मन लावून पाहिली होती, पण आत्ता ते कबूल करायची छाती होईना.

गेल्या महिन्यात त्या बाईचा नवरा टपालाचं दोन इंजिनांचं विमान घेऊन दुपार कलताना निघाला आणि समुद्रावर बेपत्ता झाला. थोड्याच दिवसांत हवाई दलाची एक इन्फ्रारेड फिल्म फुटली. उजेडाऐवजी उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्याने काढलेली. तिच्यात एक पांढरा ठिपका समुद्रावरून सुसाट जातो, गरकन फिरतो, एकाचे दोन होतो आणि मग त्यातला एक विझतो. हवाई दलाने जाहीर केलं, वस्तू अज्ञात आहे. वेळ दुसऱ्या दिवशीच्या भल्या पहाटेची. टपालाच्या विमानातलं इंधन तोवर कधीच संपलेलं असणार, तेव्हा त्याचा इथे संबंध नाही.

"दोनाचा एक कसा झाला, यावर टीव्हीवर तासभर चर्चा होती," भावोजींच्या तोंडून निसटलं. "ते म्हणाले, मोठ्या यानाने पिल्लाला पोटात घेतलं."

"आणि तुम्ही तासभर ऐकलंत," फटकळबाई म्हणाल्या. "ताईचं नशीब थोर आहे."

चौकशीसाठी नेमलेल्या न्यायाधीशांनी परवानगी दिली आणि दोघं हवाई तळावर पोचले.

पहिली गाठ फिल्म वाचणाऱ्या तज्ज्ञाशी पडली. अंधाऱ्या खोलीत पडद्यासमोर तो छडी घेऊन उभा होता.

"सामान्य माणसाला हे कळायला अवघड आहे," त्याने सुरुवात केली. "पांढरं म्हणजे गरम, काळं म्हणजे थंड. वस्तू अतिशय गरम आहे. तिला पंख नाहीत आणि ती स्वतःभोवती फिरते."

"कॅमेरा कुठे बसवलेला असतो?"

"लढाऊ विमानाच्या पोटाखाली. लक्ष्य निसटू नये म्हणून तो आपोआप फिरतो."

"हा कोपऱ्यातला पांढुरका डाग?"

"खडक आहे. समुद्रात आहे एक, ओसाड. त्याचं काय?" तज्ज्ञ हसला. "बाई, आपण वस्तूकडे बघायचं."

"तुम्ही बघा. फिल्मवरची ही पहाटेची वेळ तुम्ही छापलीत?"

"छे, फिल्म वेळेसकटच आली. प्रमुखांच्या खोलीतून."

लढाऊ विमानाचा वैमानिक तिशीतला होता. उत्तरं पाठ केल्यासारखी देत होता आणि नजर टेबलावरून उचलत नव्हता.

"पहाटेचं उड्डाण होतं. वस्तू दिसली. परत आलो."

"नुसत्या डोळ्यांनी काय दिसलं?"

"काहीच नाही. त्या बाजूला वळताना हेल्मेटची काळी काच ओढावी लागली. जे पाहिलं ते कॅमेऱ्याच्या पडद्यावरच."

"मग कळवलंत कुणाला?"

तो अंगठ्याने टेबलाची कड घासू लागला. "तळाला," एवढंच म्हणाला.

तळप्रमुखांच्या खोलीत गालिच्यात पाय रुतत होते. भिंतीवर त्यांचेच सात-आठ फोटो होते, प्रत्येकात कुणा ना कुणा बड्या माणसाशी हस्तांदोलन.

"हे विश्वाचं गूढ आहे," ते म्हणाले. "आपण नम्र राहायला हवं."

"त्या संध्याकाळी तुमची विमानं कुठे होती?"

"तळावरच. परदेशी पाहुण्यांसाठी कसरती होत्या, समुद्राकडे एकही विमान गेलं नाही. त्या बाईंबद्दल मला सहानुभूती आहे, पण नवरे पळून जातात हो."

बाहेर पडताना भावोजी कुजबुजले, "माणूस भारदस्त आहे."

"गालिचा भारदस्त आहे," फटकळबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी न्यायाधीशांसमोर तज्ज्ञ, वैमानिक आणि तळप्रमुख अशा तिघांनाही बोलावलं. पडद्यावर फिल्म थांबवलेली होती.

"एवढ्या हुशार माणसांनी या ठिपक्याकडे बघून डोळे फोडून घेतले," फटकळबाईंनी सुरुवात केली. "म्हणे सुसाट जातो. धावत्या गाडीतून जवळचं झाड पळताना दिसतं, म्हणून काही झाडाला पाय फुटत नाहीत. सुसाट होतं ते लढाऊ विमान. म्हणे फिरतो. फिरत होता तो कॅमेरा, तज्ज्ञसाहेबांनीच सांगितलं. म्हणे पंख नाहीत. मागून बघितलं की इंजिनांची धग एवढी पसरते की तिच्यात पंख बुडून जातात."

तज्ज्ञाने छडी हळूच टेबलाखाली सारली.

"ते टपालाचं विमान वळलं तेव्हा एका ठिपक्याचे दोन झाले. दोन इंजिनं! आणि एक विझलं म्हणजे इंजिन बंद पडलं. कुणी पिल्लू गिळलं नाही."

"पण वेळ पहाटेची आहे," न्यायाधीश म्हणाले.

"खडकाला विचारा. पांढरं म्हणजे गरम. खडक पांढुरका आणि भोवतीचं पाणी काळं. दगड दिवसभर तापतो आणि रात्रभरात पाण्यापेक्षा थंड होतो. पहाटेची फिल्म असती तर खडक पाण्याहून काळा दिसला असता. ही फिल्म सूर्य मावळताना काढलेली आहे. आणि या वैमानिकसाहेबांनी काळी काच ओढली होती. पहाटेच्या काळोखात काळी काच कोण ओढतं?"

वैमानिकाने पहिल्यांदा मान वर केली.

"तुम्ही संध्याकाळी उडालात. प्रमुख म्हणतात, तिकडे कुणी गेलंच नाही. छापलेली वेळ त्यांच्याच खोलीतून आली. आता तुम्ही सांगताय की मी सांगू?"

"मी कळवलं होतं," वैमानिक म्हणाला. "एक इंजिन गेलंय, विमान खडकाकडे उतरतंय, बोटी पाठवा. हे प्रमुखसाहेब म्हणाले, बचावाच्या बोटी पाहुण्यांच्या सलामीला उभ्या आहेत, कार्यक्रम मोडायचा नाही, परत या. नंतर फिल्म फुटली, तेव्हा पहाटेची गोष्ट पाठ करून घेतली."

तळप्रमुख उठले. "संस्थेच्या प्रतिष्ठेचा प्रश्न होता. तुम्हाला नाही कळायचं."

"कळलं ना," फटकळबाई म्हणाल्या. "लोकांनी पाण्यात बघू नये म्हणून त्यांना आभाळात बघायला लावलंत. आणि ते बघत बसले. त्यांच्याही अकलेची कीव येते मला, पण तुमची तेवढीसुद्धा येत नाही."

त्याच दुपारी बोटी खडकाकडे गेल्या. भावोजी हट्टाने बरोबर गेले आणि परतल्यावर पाहिलेलं सगळं मेव्हणीला सांगितलं.

टपालाच्या वैमानिकाच्या बायकोकडे जाताना जिन्यात त्यांनी मेव्हणीला थांबवलं. "लगेच गेला, एवढंच सांग. बाकीचं तिला झेपायचं नाही."

फटकळबाई वर गेल्या.

बायकोने दोघांचे चेहरे पाहिले आणि भिंतीला टेकली. "सापडले?"

"सापडले. त्या खडकावर."

"लगेच गेले ना?"

भावोजींनी मान खाली घातली.

"नाही," फटकळबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज भावोजींना ओळखू येईना. "तुम्हाला आजवर सगळ्यांनी खोटं सांगितलं, मी नाही सांगणार. त्यांनी विमान पाण्यावर नीट उतरवलं होतं. पोहून खडक गाठला, वाऱ्याच्या बाजूने दगडांची भिंत रचली. टपालाची थैली कोरडी राहावी म्हणून वर आपला कोट घातला होता. काही दिवस वाट बघत होते."

ती रडली नाही. मग तिने फोन उचलला आणि सासऱ्यांचा नंबर लावला.

"बाबा," ती म्हणाली, "ते पळून गेले नव्हते."