चार हजार ओळींचा माणूस

"त्या फाइलीले हात नका लावू."

यवतमाळच्या एसटीत, अगदी माझ्या कानाशी, एक अनोळखी आवाज. मी मांडीवरचा लॅपटॉप फटकन मिटला. शेजारच्या सीटवर एक सावळा, उंच तरुण. मनगटाला ग्रीस, आणि नजर अजून लॅपटॉपवरच!

"काहून? तुमच्या बापाची हाय का?"

"बापाची नाही..." तो ओशाळं हसला. "माहीच हाय. सहा वर्सांपयले मीच लिहेल हाय."

दीड वर्ष ज्याला शिव्या देऊन मी रोज कामाला सुरुवात करत होते, तो माणूस माझ्या शेजारी तिकीट काढून बसला होता!

मी नयन भगत, राहणार दिग्रस. पुण्याच्या एका कंपनीच्या ईमेल ॲपचं काम मी घरून करते. पत्रातली ओळ कुठे मोडावी, उत्तरात जुना मजकूर कसा यावा, लांबलचक विषय कसा पाठवावा, हे सगळं एकाच अगडबंब फाइलीत कोंबलेलं. चार हजार ओळी. इथे बोट लावलं की तिकडे दुखतं. त्यामुळे ठिगळ लावायचं आणि पळायचं, अशी कंपनीची रीत. ती मला मान्य नव्हती.

"म्हनजे राजदीप मुनेश्वर तुमीच? फाइलीच्या डोक्यावर नाव हाय तुमचं."

"हो. आता आर्नीत फवारनीचे पंप दुरुस्त करतो. बाबाची कंबर धरली, म्हनून आलो."

"पंप तरी नीट बसवता का?"

"पंप बसवतो बरोबर. फाइल तेवढी राह्यली..." त्यानं पहिल्यांदाच माझ्याकडे सरळ पाहिलं. "ती तुमी बसवा."

आर्णीला उतरताना त्यानं नंबर मागितला नाही. मीच दिला. कामासाठी — असं स्वतःला बजावलं.

मग रोज फोन. हा भाग काय करतो, तो भाग कशाला, आणि मधूनच — "जेवलीस का?" तुमीचं तू कधी झालं, कळलंच नाही. महिन्याभरात मी त्याची फाइल पुरती उसवली आणि अकरा सुटसुटीत भागांत नव्यानं मांडली. एका तुकड्यावर मात्र आमचं वाजलं.

"तो राहू दे, नयन."

"करते काय पन तो?"

"आठवत नाही. काहीतरी होतं..."

"आठवत नाही हे काय कारन झालं?" मी तो उडवला. चाचणीत कुठेच फरक दिसला नाही.

कंपनीतल्या माझ्या सरांना हा उद्योग पसंत नव्हता. त्यांनी स्वच्छ बजावलं होतं, "सोमवारी थोड्या ग्राहकांना देऊन बघू. एक जरी तक्रार आली, तरी जुनी फाइल परत. आणि तू पुण्याला ऑफिसात येऊन बसायचं. गावातून काम बंद."

गाव सोडून दिग्रसच्या किती पोरी गेल्या. मला जायचं नव्हतं. माझं काम आणि माझं गाव, दोन्ही मला हवं होतं.

सोमवारी दहालाच तक्रार आली. मराठीतले लांब विषय फुटले होते! अर्धी अक्षरं, मध्ये चौकोन, पुन्हा अर्धी अक्षरं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी, दिग्रसची भगतांची पोरगी, सगळ्या चाचण्या इंग्रजीत केल्या होत्या. सरांनी दुरुस्तीला संध्याकाळी पाचपर्यंतची मुदत दिली. मी लॅपटॉप उचलला आणि मिळेल त्या एसटीनं आर्णी गाठली.

राजदीप दुकानात पंप खोलून बसला होता. गल्ल्यावर त्याचे वडील, धर्मपालकाका. मी काही बोलायच्या आधीच राजदीपनं स्टूल पुढे सरकवलं. "म्हटलं होतं ना" असं तो एकदाही म्हणाला नाही. तिथेच मी त्याच्यावर अर्धी भाळले.

गडबड सापडली. लांब विषय तुकडे करून पाठवावा लागतो. इंग्रजी अक्षराला एक खण लागतो, आपल्या अक्षराला तीन. माझी सुरी नुसते खण मोजत अक्षराच्या मधोमध पडत होती. त्याचा तो विसरलेला तुकडा ती सुरी बाजूला सरकवायचा.

"तोच परत टाक," तो म्हणाला. "नोकरी तरी वाचते."

"तुझं ठिगळ नाही लावनार मी. समजून लिहीन."

आणि लिहिलं. मग चाचणीला तोच एकेक विषय सांगत गेला — बाजार समितीची सूचना, साक्षगंधाचं, म्हणजे साखरपुड्याचं, आमंत्रण, पंपाच्या वॉरंटीचं रडगाणं. चाळीस विषय, सगळे अखंड! पावणेपाचला मी सरांना स्पीकरवर घेतलं आणि राजदीपच्या दुकानातून बोलतेय हेही सांगितलं.

"चालतंय," सर म्हणाले. "पण इतकं नाजूक काम खेड्यातून नको. आणि राजदीप, तू तिथे आहेस ना? परत ये. फाइल तू सांभाळ, नयन तुझ्या हाताखाली राहील."

मी राजदीपकडे पाहिलं.

"सर, माही फाइल मेली," तो म्हणाला. "ही नयनची हाय. तिले इचारा."

"मी पुण्याला येणार नाही, सर," मी म्हणाले. "चूक माझी होती, ती मी इथेच बसून निस्तरली. हे काम मी दिग्रसमधूनच सांभाळीन. नको असेल तर आत्ताच सांगा, राजीनामाही इथूनच पाठवते."

पलीकडून एक सुस्कारा. "ठीक आहे. दिग्रस तर दिग्रस."

फोन ठेवला, तरी माझा आवेश उतरेना. एवढं बोललेच होते, तर बाकीचं कशाला ठेवायचं?

"राजदीप, मले तू आवडतो. लपूनछपून नाही, सगळ्यायसमोर सांगून राह्यली. लगन करशीन?"

त्याच्या हातातला पाना खाली पडला. दारात पंप घेऊन उभा असलेला म्हातारा गिऱ्हाईक आणखी आत सरकला. धर्मपालकाका हिशेबाच्या वहीत तोंड घालून हसत होते.

"मी... हात धुऊन येऊ का?" राजदीप पुटपुटला.

"कायले? असाच सांग."

"हो," तो हळूच म्हणाला.

"आयकू नाही आलं, बावा," म्हातारा म्हणाला.

मग राजदीप उठून उभा राहिला, ग्रीसच्या हातांनी त्यानं माझे दोन्ही हात धरले, आणि रस्त्यापलीकडच्या दुकानांतल्या माना वळतील इतक्या मोठ्यानं म्हणाला, "हो!"