शेजारच्या हद्दीतला उजेड

पटो न पटो, यातला एकही शब्द माझ्या पदरचा नाही. उलट एक गोष्ट आजवर बायकोपासूनही लपवली होती, ती आज सांगतोय.

मी पालिकेच्या तक्रार विभागात निरीक्षक आहे. आमचा एक नियम आहे. रात्री दहानंतर बाहेरच्या दिव्याचा झोत शेजाऱ्याच्या हद्दीत जाता कामा नये.

शिवणकाम करणाऱ्या एक बाई त्यासाठी तीनदा अर्ज घेऊन आल्या. शेजारच्या गोदामानं चार फ्लडलाइट लावले होते. सगळा उजेड थेट त्यांच्या आजारी नवऱ्याच्या अंथरुणावर.

"साहेब, डोळ्याला डोळा लागत नाही हो त्यांचा. पडदा लावला, तरी झिरपतोच. मग रात्रभर खिडकीपुढे चादर धरून उभे राहतात. माझं ऐकतच नाहीत."

"येऊन बघतो," मी म्हणालो.

गेलो. बघितलं.

दुपारी तीन वाजता.

दिवे अर्थातच बंद होते. मी शेरा मारला, 'नियमभंग आढळला नाही.' रात्री कोण मरायला जाणार, असं तेव्हा हसत म्हणालोही होतो.

दीड महिन्यानं कळलं, बाईंचे यजमान गेले.

पहाटे खिडकीपाशीच कोसळले… मुठीत चादर तशीच होती.

त्याच रात्री साडेदहाला मी उजेड मोजायचा मीटर घेऊन त्यांच्या दारात उभा राहिलो.

"आत्ता आलात?" बाई एवढंच म्हणाल्या.

आतली खोली दाखवून त्या दारातच थांबल्या. शिलाई मशीन, त्यावर अर्धा शिवलेला फ्रॉक, गुंडाळलेलं अंथरूण. खिडकी सताड उघडी. पडदासुद्धा काढलेला.

समोर चारही दिवे भगभगत होते.

आणि खोलीत… मिट्ट काळोख.

मी मीटर धरला. शून्य.

हात खिडकीबाहेर काढला. बोटं लख्ख उजळली. आत घेतला… दिसेनाशी झाली.

तेवढ्यात डाव्या कानाशी कापड ताणल्याचा आवाज आला.

मग श्वास…

दमलेल्या माणसाचा. धापा टाकल्यासारखा.

मी वळलो. बाई अजून दारातच होत्या.

"तुम्हालाही ऐकू येतंय ना?" त्या हळूच म्हणाल्या. "मला वाटलं, मलाच भास होतोय."

जिना कसा उतरलो, आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळीच खरा अहवाल लिहिला. चार दिवसांत गोदामाचे दिवे उतरवले. म्हटलं, सुटलो एकदाचा.

आठव्या दिवशी भरदुपारी ऑफिसात फोन आला. बाईंचा.

"साहेब, दिवे गेले. पण हे अजून उभेच आहेत… हात भरून आले असतील हो त्यांचे. रात्रभर कण्हतात. तुम्ही येऊन सांगा ना, आता खाली घ्या म्हणावं. तुमचं ऐकतील."

मी फोन ठेवून दिला.

त्याला आता दोन वर्षं झाली. माझी अजून हिंमत झालेली नाही.

बाईंचा फोन पुन्हा कधी आला नाही. त्या खोलीत कुणी राहतं का, हे विचारायचीही मला भीती वाटते…