‘हस’ कुठून आणायचं?

“वाच आणि आणून दे,” म्हणत माँटेसरीच्या वर्गात लायबा टीचरने तूबाच्या हातात चिठ्ठी ठेवली. त्यावर लाल अक्षरांत लिहिलं होतं – हस.

पाच वर्षांच्या तूबाने आधी बादली आणली होती, शिंपला आणला होता. त्या नामांपाशी तिने नामाची खूण म्हणून लाकडी काळा त्रिकोणही ठेवला होता. आता मात्र वर्गभर फिरून ती रिकाम्या हातांनी परतली.

“टीचर, हस नाय मिळत...”

दारात कोणीतरी खुदकन हसलं. छत्री मिटवत एक उंच तरुण उभा होता.

“मामूने आणलं,” तूबा म्हणाली.

“आणलं नाही, केलं,” लायबाने तिच्या तळहातावर लाल गोळा ठेवला. “करायचं ते क्रियापद.”

“मी झुबेर. तूबाला न्यायला आलो... जरा लवकरच आलो वाटतं.”

“उद्याही लवकर आलात तर चटईवर बसावं लागेल.”

दुसऱ्या दिवशी तो खरंच मुलांमध्ये मांडी घालून बसला. ‘उडी मार’ची चिठ्ठी आली तेव्हा उडीही मारली.

झुबेर मालवाहू जहाजावर नोकरीला होता, सुट्टीवर राजिवड्याला घरी आला होता. लायबाला हे कळलं आणि तिचा जीव थाऱ्यावर राहिना. अब्बांची उमेदीची सगळी वर्षं कुवेतला नोकरीत गेली. तिचं लहानपण त्यांच्या फोनची वाट बघण्यात सरलं. परदेशी नोकरीवाल्याचं स्थळ आणायचं नाही, असं तिने अम्मीला बजावून ठेवलं होतं. आणि आता शाळा सुटायची वेळ झाली की तिचेच डोळे फाटकाकडे धावत. एक दिवस तूबाला न्यायला आजी आली, तर लायबाने विशेषणांच्या डब्यात क्रियापदं भरून ठेवली.

शुक्रवारी मुलं गेल्यावर झुबेर मागे रेंगाळला. बाहेर बारीक पाऊस भुरभुरत होता.

“मंगळवारी मुंबईला निघतो. तिथून जहाज.”

“बरं.” लायबा खाली बसून त्रिकोण गोळा करू लागली.

“बरं... एवढंच?”

“मी कोणाची वाट बघत झुरणार नाही, झुबेर. अम्मीला पाहिलंय मी.”

तोही खाली बसला. “किनाऱ्यावरच्या नोकरीसाठी परीक्षा देतोय. मिळेलच असं नाही सांगत. पण तुम्हाला बघितल्यापासून अभ्यासात लक्ष नाही, हे मात्र खरं.”

तिला हसू आलं. खोटं वचन तरी दिलं नाही याने...

“अम्मीला तुमच्या घरी पाठवू?” त्याने हळूच विचारलं.

“मला न विचारता?”

“विचारतोय ना...”

लायबाने डब्याचं झाकण लावलं. उगाचच उघडलं, पुन्हा लावलं.

“रविवारी पाठवा,” ती म्हणाली. “आणि तुम्हीही या. मुलगा नीट बघून घ्यायचाय मला.”