तबकडीबाहेरचा विभाग

'वरुणवेध' यान शनीची कक्षा ओलांडून गेल्यावर सुरंगी तोरसकरला दीर्घनिद्रेतून जागं करण्यात आलं. यानातल्या संगणकांची देखभाल तिच्याकडे होती. तिसऱ्या दिवशी तिने निघताना सोबत घेतलेली चित्रफीत लावली. पडलेला दात दाखवत एक मुलगी हसत होती. ही जुई, आपली मुलगी, वय सहा, एवढं सुरंगीला नीट आठवलं. वाटलं मात्र काहीच नाही.

एखादा पंप बंद पडल्याचं कळवावं तसं तिने ते यानावरचे डॉक्टर अन्वर मुलाणी यांना कळवलं. दीर्घनिद्रेत आठवणी पुसट होतात, म्हणून प्रत्येकाची स्मृती आधी तबकडीवर उतरवून ठेवत आणि जाग आल्यावर मेंदूत परत भरत. मुलाणींना तबकडीतच बिघाडाची शंका आली.

सुरंगीने तबकडी जोडली आणि लिनक्स या जुन्या संगणकप्रणालीच्या रोखठोक आज्ञा चालवल्या. चार विभागांची यादी आली. खाली एक ओळ होती: चौथा विभाग तबकडीच्या बाहेर आहे.

"बाहेर कसा असेल?" मुलाणींनी विचारलं.

"विभागसूची म्हणजे सातबारा समजा. कुठला तुकडा कुठे सुरू होतो, कुठे संपतो, एवढंच त्यात असतं. इथे सातबाऱ्यावर चार एकर आहेत आणि जमीन तीनच."

खबरदारी म्हणून या सूचीची एक नक्कल तबकडीच्या अगदी शेवटी लिहिलेली असते. सुरंगीने ती शोधली. ती नव्हती. म्हणजे शेवटच कापला गेला होता. मोठी तबकडी कुणीतरी लहान तबकडीवर उतरवली होती आणि चौथा विभाग मागे राहिला होता. सूचीप्रमाणे त्यात आठवणींना जोडलेल्या भावना होत्या.

"ही प्रत आहे," ती म्हणाली. "मूळ तबकडी दुसरीकडे आहे."

प्रत फक्त तबकडीचीच आहे का, हे मुलाणींना तपासायचं होतं. त्यांनी जुईच्या जन्माबद्दल विचारलं. सिझेरियन झालं होतं. पोटावर व्रण मात्र नव्हता. तो औषधांनी गेला असेल असं सुरंगीने धरलं होतं. कुठलंही औषध तो पुसत नाही, असं मुलाणींनी सांगितलं. हे शरीर मूळ सुरंगीच्या पेशींपासून वाढवलेलं असणार.

"तुमची तबकडी बघू?" तिने विचारलं.

"नको," ते म्हणाले.

राहिलेला विभाग पाठवावा, असा संदेश तिने पृथ्वीवर धाडला. साडेतीन तासांनी उत्तर आलं. आवाज तिचाच होता.

"मी सुरंगी, पृथ्वीवरच राहिलेली. यानात परतीचं इंधन नाही. जुईला कायमचं सोडल्याचं दुःख तुला होऊ नये म्हणून तो भाग मीच कापायला लावला. सूचीतली नोंद पुसायला मात्र हात धजला नाही. विभाग माझ्यापाशी आहे. हवा असेल तर सांग."

बोलणारी रडत होती, हे सुरंगीच्या लक्षात आलं. आपल्याला तो विभाग हवा आहे का, याचा तिने शांतपणे विचार केला. पण काही हवंसं वाटायचं तर तोच विभाग लागणार होता. तिने उत्तर टाइप केलं: "मला सांगता येत नाही. तुला पाठवावासा वाटला तर पाठव."

पुन्हा साडेतीन तास गेले. या वेळी आवाज आला नाही. चौथ्या विभागाचा पहिला तुकडा यायला लागला होता, आणि सुरंगी यानाच्या साठवणीत त्याच्यासाठी जागा मोकळी करू लागली.