हनुवटीवरची चमक

जांभळा दिवा लागला आणि रेवाच्या आईची हनुवटी चमकली.

वाकेघरच्या दवाखान्यात साथीची रंगीत तालीम चालली होती. उद्या एखादा नवाच ताप आला तर काय करायचं, त्याचा सराव. सहावीतली रेवा खोटी पेशंट बनली होती. बंडू नावाच्या रोबोने तिच्यावर एक पूड फवारली होती. साध्या उजेडात ती दिसत नाही, जांभळ्या दिव्यात चमकते. पूड म्हणजे विषाणू (आजार पसरवणारा अतिसूक्ष्म कण), असं समजायचं. रेवाची आई, शैला सिस्टर, तिला तपासून बाहेर आली आणि हातमोजे काढायच्या आधीच तिने मास्क काढला. मोज्यांवरची पूड हनुवटीला लागली.

"दुपारी परत करू, सिस्टर," डॉक्टर कुरेशी म्हणाले. "पुन्हा चुकलं तर साथीच्या पथकातून नाव काढावं लागेल."

"हो सर," आई म्हणाली. रेवाला ते फार लागलं. ते पथक आईनेच उभं केलं होतं.

"बंडू, आईला क्रम येत नाही का रे?"

"मला त्यांनीच शिकवला," बंडू म्हणाला. "तेच कोडं आहे. थकलेला माणूस चुकतो. पण हजेरीच्या वहीत रोजच्या विश्रांतीपुढे त्यांची सही आहे."

"अरे येड्या, ती सही सकाळी हजेरीबरोबरच ठोकतात सगळ्या. नंतर वेळ कुठे मिळतो?"

"न घेतलेल्या विश्रांतीची सही?" बंडू म्हणाला. "मग कोडं सुटलं. माणसाला कार्यकारी स्मृती असते (हातातलं काम संपेपर्यंत मेंदू जे धरून ठेवतो ते). ती म्हणजे चहाचा ट्रे समज. मोजे, चष्मा, गाऊन, मास्क, असे चार कप त्यात बसतात. झोप कमी झाली की ट्रे लहान होतो. मनात काळजी असली की तिचाही कप त्यातच. मग एखादा कप खाली पडणारच."

रेवा आईकडे गेली. "आई, तुझ्या ट्रेमध्ये काय आहे गं?"

आई खुर्चीत टेकली. "बारा नंबरच्या खाटेवरचे आजोबा. मागच्या महिन्यात गेले. हा मास्क-गाऊनचा पोशाख चढवला की तेच आठवतात. सांगणार कुणाला? सगळेच दमलेत."

डॉक्टर दारातच उभे होते. "माझ्या सह्याही सकाळच्याच आहेत," ते हळूच म्हणाले. "तुम्ही तासभर पडा. शुक्रवारी समुपदेशक बाई (मन मोकळं करायला मदत करणाऱ्या) येतात, त्यांच्याशी बोला. मीसुद्धा बोलणार आहे."

"खाटा आणि औषधं आपण मोजतो," बंडू म्हणाला. "माणसांची झोप आणि मन मोजलं नाही, तर तयारी अर्धीच."

दुपारी आई पोशाख काढत असताना एक नर्स शेजारी उभी राहून एकेक पायरी मोठ्याने सांगत होती. दिवा फिरला. कुठेच काही चमकलं नाही. आईचं नाव पथकात राहिलं.

पुढच्या आठवड्यात शेजारच्या तालुक्यातल्या नर्स शिकायला आल्या. पोशाख हातात घेऊन रांगेत उभ्या राहिल्या. शैला सिस्टरने खुर्च्या पुढे ओढल्या.

"आधी बसा," ती म्हणाली. "रात्री झोप झाली का, ते सांगा. आणि खरं सांगा."